गेलेले ग्राहक परत आणण्याची आमची पद्धत

माणूस गेला की शोकसभा भरते आणि ग्राहक गेला की समिती बसते. दोन्हीकडे गेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलले जातात, दोन्हीकडे तो स्वतः हजर नसतो, आणि तो का गेला हे ज्यांना पक्कं ठाऊक असतं तीच मंडळी दोन्हीकडे सगळ्यांत मोठ्यांदा उसासे टाकतात. फरक एवढाच की शोकसभेमुळे कोणी परत आल्याचं ऐकिवात नाही. आमच्या समितीने मात्र ग्राहक परत आणून दाखवले. त्या समितीत मी होतो, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची कॉफीच्या दुकानांची साखळी आहे. नाव सांगत नाही, कपावर मोठ्या अक्षरात असतं. मी प्रमुख कार्यालयात ग्राहक-पुनरागमन कक्षाचा उपप्रमुख. (कक्षाला प्रमुख नाही. प्रमुखाची खुर्ची रिकामी ठेवली की उपप्रमुख जास्त नम्र राहतो, असं मोठ्या साहेबांचं मत आहे, आणि ते मी नम्रपणे मान्य केलं आहे.) नाक्यावरची शाखा माझ्या वहिनी सांभाळत होत्या. मी दादा-वहिनींकडेच राहतो आणि जेवतोही तिथेच.

दादा आमच्याच साखळीत खुर्च्यांच्या विभागात होता. नवी खुर्ची आली की तिच्यावर बसून बघायचं, हे त्याचं काम. साखळीला हवी होती तशी खुर्ची सापडेपर्यंत तो इमानेइतबारे बसत राहिला, आणि सापडली तेव्हा त्याला उठता येईना. तेव्हापासून तो घरी चटईवर उताणा असतो आणि छताबद्दल मतं मांडतो. त्यामुळे घर चालतं ते वहिनींच्या पगारावर. माझा पगार माझ्या हुद्द्याला शोभतील असे कपडे आणि बूट यांतच जातो. हुद्दा वाढला की त्याचा घरालाही फायदा होईल, असं मी अधूनमधून बोलून दाखवत असतो. त्यावर वहिनी ताट जरा जोरात ठेवतात.

आता ग्राहक गेले कसे, ते सांगतो. त्याआधी ते आमच्याकडे बसत होते, हे लक्षात घ्यावं लागेल. सगळं तिथंच बिघडलं होतं. माणूस येतो, कॉफी घेतो, पितो. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. पण कॉफी संपते आणि त्याचं बसणं संपत नाही. कोणी पुस्तक उघडतो, कोणी मैत्रिणीची वाट बघतो, कोणी नुसताच खिडकीबाहेर बघत बसतो, जणू खिडकी त्याच्या बापाची आहे. प्रमुख कार्यालयाने याचा सखोल अभ्यास केला आणि असा निष्कर्ष काढला की कप रिकामा झाल्यानंतर ग्राहक हा ग्राहक राहत नाही, त्याचं सामान होतं. आणि सामान किती दिवस ठेवून घ्यायचं?

मग उपाय सुरू झाले. दादाची खुर्ची सर्व शाखांत लागली. भिंतीतली विजेची भोकं बुजवली, म्हणजे लोकांना आपापल्या लॅपटॉपसह मरणाची जाणीव व्हावी. गाणी अशी निवडली की ज्यांच्या तालावर चालता येतं पण बोलता येत नाही. गारवा इतका वाढवला की कॉफी आणि ग्राहक यांच्यात आधी कोण थंड होतं याची चढाओढ लागावी. शौचालयाला आकड्यांचं कुलूप लावलं आणि तो आकडा पावतीवर छापला. (पावतीची शाई मुद्दाम फिकी ठेवलेली नाही. ती आपोआपच फिकी आली, आणि आम्ही तिला दुखावलं नाही.)

पण हे सगळं किरकोळ. आमचं खरं हत्यार होतं फडकं.

पुसणीचं शास्त्र बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिली पुसणी लांबची. ग्राहकाच्या शेजारचं टेबल पुसायचं, ते स्वच्छ असलं तरी, आणि त्याच्याकडे अजिबात बघायचं नाही. दुसरी पुसणी जवळची. आता त्याचंच टेबल, कपाभोवतीने गोल, फडकं कोपराला लागलं-न लागलं असं. तिसरी उचलीची. "झालं ना?" असं विचारता विचारता कप उचलायचा, म्हणजे उत्तर यायच्या आत तो काउंटरवर पोचतो. तिन्ही वेळा हसायचं. हसण्याशिवाय केलेली पुसणी उद्धटपणात धरली जाते. हसून केली की तिला सेवा म्हणतात.

या विद्येत आमच्या वहिनींचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या हातात फडकं आलं की भलेभले उठायचे. एका तरुणाने समोरच्या मुलीला लग्नाचं विचारायला तोंड उघडलं होतं. वहिनींनी दुसऱ्या पुसणीतच ते मिटवलं. (पुढे त्या दोघांचं काय झालं याची नोंद ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.) प्रमुख कार्यालयाच्या व्हरांड्यात त्यांचा फडक्यासकट फोटो लागला. मी येता-जाता त्या फोटोकडे बोट दाखवून "आमच्या वहिनी" असं सांगायचो आणि त्याचा मला कार्यालयात थोडाफार उपयोगही झाला.

खिडकीजवळच्या टेबलाशी एक निवृत्त मास्तर बसायचे. रोजचे. एक कॉफी, एक पेपर आणि त्यातलं शब्दकोडं. घरी सून-मुलगा दिवसभर कामाला, तेव्हा घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे येऊन गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता. वहिनींनी त्यांच्यावर तिन्ही पुसण्या चालवल्या. तिसरीत कपाबरोबर चष्माही उचलला गेला.

"अहो बाई," मास्तर म्हणाले, "एकच शब्द राहिलाय."

"घरी सुचेल हो काका," वहिनी हसून म्हणाल्या, आणि चष्मा परत दिला.

मास्तर गेले ते पुन्हा आले नाहीत. असेच एकेक करून बाकीचेही गेले. आमच्या शाखांत टेबलं रिकामी आणि लखलखीत राहायला लागली, आणि आमच्याच व्याख्येनुसार ही संपूर्ण कार्यक्षमता होती. त्या आनंदात वर्षभर गेलं. मग विक्रीचे आकडे आले आणि असं ध्यानात आलं की जो माणूस अजिबात बसत नाही तो बहुधा आतही येत नाही. हा शोध आमच्याच साखळीने लावला आहे, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

परिपत्रक निघालं: ज्या शाखा मोसम संपेपर्यंत भरलेल्या दिसणार नाहीत त्या बंद. यादीत नाक्यावरची शाखा सगळ्यांत वर होती.

वहिनींनी जेवताना विषय काढला. "भावजी, शाखा बंद झाली तर मी कुठे जाऊ? या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि ह्यांचं औषध, घरभाडं... तुम्ही कक्षात बसता ना? मग करा की काहीतरी."

"समिती नेमली आहे," मी म्हणालो.

"अरे देवा," दादा चटईवरून म्हणाला.

समितीने झपाटून काम केलं. आधी सर्वेक्षण केलं. ग्राहक का गेले हे ग्राहकांना विचारायचं ठरलं होतं, पण शाखेत ग्राहक नसल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना विचारलं. बावन्न टक्के लोक म्हणाले वेळ नाही, एकतीस टक्के वेळ नसल्यामुळे तेवढंही म्हणाले नाहीत, आणि उरलेले आमचेच कर्मचारी निघाले. त्यांनी सेवेबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केलं.

मग काउंटरवर प्रत्येकाला "कसा आहे आजचा दिवस?" असं विचारणं सक्तीचं झालं. चांगली कल्पना होती. पण एका आजीबाईंनी दिवस कसा आहे ते खरोखरच सांगायला घेतलं, आणि त्या दिवसाच्या आधी बरेच दिवस असल्यामुळे मागची रांग (दोन माणसांची) निघून गेली. परिपत्रकात दुरुस्ती करावी लागली: प्रश्न विचारावा, उत्तराची वाट पाहू नये. पुढे कपांवर उमेद वाढवणारी वाक्यं छापली. ज्या दिवशी "आजचा दिवस तुमचाच!" हे वाक्य निघालं त्याच दिवशी नोकरी गेलेला एक माणूस तो कप घेऊन बसला आणि रडला. रडण्याला आमची हरकत नव्हती, पण तो फार वेळ बसला. मोबाइलवर जुन्या ग्राहकांना "तुम्ही येत नाही, करमत नाही" असे निरोप पाठवले. एका गृहस्थांच्या घरी तो निरोप त्यांच्या बायकोने आधी वाचला. ते गृहस्थ आता कुठेच कॉफीला जात नाहीत.

फडक्याचा विषय समितीत एकदाही निघाला नाही. जी गोष्ट उत्तम चालली आहे तिच्यात कशाला ढवळाढवळ करायची?

शेवटी मार्ग काढला तो मोठ्या साहेबांनी. ते एका संध्याकाळी सहकुटुंब जेवायला बाहेर पडले होते. रस्त्यावर दोन हॉटेलं, समोरासमोर. एक रिकामं, एक खचाखच. साहेब खचाखच भरलेल्याच्या बाहेर ताटकळत उभे राहिले, आणि पायाला मुंग्या आल्यावर त्यांना साक्षात्कार झाला: माणसं कॉफीसाठी येत नाहीत, खुर्चीसाठी येत नाहीत, माणसं आहेत म्हणून माणसं येतात. म्हणजे आपल्याकडे कमतरता ग्राहकांची नाही. बसलेल्या माणसांची आहे.

दुसऱ्या दिवशी नवं पद तयार झालं: आसनस्थ प्रतिनिधी. (शाखांत त्यांना नुसतं "बसते" म्हणतात. हा शब्द अधिकृत नाही, पण हजेरीपटावर जागा कमी पडते म्हणून चालवून घेतला आहे.) पगारी नोकरी, काम बसण्याचं. अट एकच, बसण्याचा अनुभव. पहिला प्रयोग नाक्यावरच्या शाखेत करायचा ठरला आणि मुलाखती मी घेतल्या. पहिलेच उमेदवार आत आले ते मास्तर.

"किती वेळ बसू शकाल?" मी विचारलं.

"तुम्ही उठवेपर्यंत," मास्तर म्हणाले.

त्यांची निवड एकमताने झाली. खिडकीजवळचं टेबल त्यांना रीतसर नेमणुकीच्या पत्राने देण्यात आलं. पेपर आणि पेन्सिल कार्यालयातर्फे.

बसत्यांचे नियम फार विचारपूर्वक केलेले आहेत. कप हातात हवा, पण रिकामा, कारण कॉफी सांडली तर गणवेश खराब होतो. (गणवेश म्हणजे साधे कपडे. ते साधे कसे असावेत याची नियमावली आहे.) ठरावीक वेळाने हसायचं. समोरचा बोलत असेल तर मान हलवायची, बोलत नसेल तर जास्त हलवायची. मधूनच खिडकीबाहेर बघायचं, पण ज्याला कुठेही जायचं नाही अशा माणसासारखं. हे शेवटचं बऱ्याच जणांना जमत नव्हतं. मास्तरांना पहिल्या दिवसापासून जमलं.

आठवड्याभरात बसत्यांनी तक्रार केली की खुर्च्यांनी पाठ जाते. मोठे साहेब हळहळले. कर्मचाऱ्याच्या पाठीचा प्रश्न म्हणजे कायद्याचा प्रश्न. ताबडतोब गाद्यांच्या खुर्च्या आल्या. गाण्यांनी डोकं दुखतं म्हणाले, गाणी हळू झाली. थंडी वाजते म्हणाले, गारवा कमी झाला. मोबाइल चार्ज करायचे म्हणाले, भिंतीतली भोकं पुन्हा उघडली. शौचालयाचं कुलूप तर पहिल्याच दिवशी निघालं, कारण कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याला आकडा शोधत हिंडायला लावणं कोणत्याही सुसंस्कृत संस्थेला शोभत नाही. ग्राहकांनी हेच सगळं वर्षानुवर्षं मागितलं होतं, असं कोणीतरी बैठकीत म्हणालं. पण त्यांनी ते योग्य मार्गाने मागितलं नव्हतं.

आणि काय सांगू, शाखा भरली हो! काचेतून बघावं तर एकही खुर्ची रिकामी नाही. मंद दिवे, मऊ गाद्या, हसरी माणसं. रस्त्यावरून जाणारे थबकायला लागले. दार ढकलून बघायचे, जागा नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकायचे. जागा नाही म्हणजे काहीतरी खास असणार! मग बाहेर रांग लागली. रांग बघून आणखी रांग लागली. लोक रांगेत उभं राहून आपले फोटो काढून नातेवाइकांना पाठवायला लागले, आणि नातेवाईक "आम्हाला का नाही बोलावलंत?" म्हणून रुसायला लागले. भिंतीत एक खिडकी फोडून आम्ही रांगेतल्यांना कागदी कपात कॉफी विकायला सुरुवात केली. ती ते उभ्याउभ्या पीत, आत बसलेल्यांकडे बघत. विक्री अशी चढली की मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जो ग्राहक आम्ही इतकी वर्षं शोधत होतो, जो येतो, घेतो आणि बसत नाही, तो आपल्या पायांनी चालत आला होता. शाखा वाचली. वहिनींची नोकरीही वाचली, असं मी घरी येऊन जाहीर केलं आणि त्या दिवशी ताट हळू ठेवलं गेलं.

फक्त एक गोष्ट जरा गोंधळाची होती. वहिनींचा हात.

इतक्या वर्षांची सवय. बसता दिसला की वहिनी फडकं घेऊन निघायच्या. बसत्यांच्या एकाग्रतेवर त्याचा परिणाम होऊ लागला. दोन बसते तर पहिल्या पुसणीलाच उठून घरी गेले आणि त्यांची अर्धा दिवस रजा धरावी लागली. वहिनींना लेखी समज मिळाली: शाखेत फडकं वापरू नये. टेबलं कधी खराबच होत नसल्यामुळे तशी त्याची गरजही उरली नव्हती. वहिनींनी फडकं काउंटरखाली ठेवलं, पण त्यांचा हात मोकळाच गोल गोल फिरत राहायचा. घरी जेवताना ताटाभोवती फिरायचा. एकदा माझ्या ताटाभोवती फिरला आणि मी उठलो, जेवण अर्धं राहिलं असताना.

मग तो दिवस आला. रांगेतली एक बाई थेट दार ढकलून आत आली. कडेवर झोपलेलं पोर, दुसऱ्या हातात पिशव्या, आणि उभं राहणं आता शक्य नाही असा चेहरा. "जरा टेकू द्या हो कुठेतरी," ती म्हणाली. खुर्ची एकही रिकामी नव्हती. (नसणारच. त्यासाठीच तर पगार देतो.) वहिनींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि काउंटरखालून फडकं काढलं.

पहिली पुसणी. दुसरी पुसणी. मास्तरांनी मान वर करून बघितलं आणि चष्मा आधीच खिशात घातला.

"बाई, पुन्हा?"

"काका, जरा उभे राहा. उभं राहिलात म्हणून तुमचा पगार नाही कापू देणार मी."

मास्तर उठले, आणि ती बाई खिडकीजवळ बसली. वहिनींनी तिला खरी कॉफी दिली, कपात, बशीसकट. एवढ्यात पोर जागं झालं, त्याने भोकाड पसरलं, कॉफी सांडली, पिशवीतले कांदे जमिनीवर घरंगळले आणि ते गोळा करायला दोन बसते आपलं काम सोडून टेबलाखाली शिरले. वहिनी जोरात हसल्या. मास्तर हसले. वेळ झालेली नसताना! बाहेरची रांग काचेतून हे बघत होती. चारचौघे चुळबुळले. आतलं एकदम घरासारखं दिसायला लागलं होतं, आणि घरासारखं काही बघण्यासाठी कोण रांग लावतं? रांगेचं शेपूट गळून पडलं.

चौकशी समितीत मोठे साहेब होते, दोन अधिकारी होते आणि मी होतो.

"फडकं बाहेर का काढलंत?" साहेबांनी विचारलं.

"बसायला जागा हवी होती."

"कोणाला?"

"ग्राहकाला," वहिनी म्हणाल्या.

समितीने एकमेकांकडे बघितलं. शब्द ओळखीचा वाटत होता.

मोसमातली सर्वांत यशस्वी शाखा चालवल्याबद्दल वहिनींचं मनापासून अभिनंदन करून त्यांना कामावरून कमी करण्यात आलं. ठरावावर माझीही सही आहे. सही करताना मी तटस्थ होतो. वाईट वाटण्याचं काम मी घरी आल्यावर उरकलं, आणि ते खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या रात्री माझ्या ताटात भात वाढला गेला आणि त्यावर काहीही वाढलं गेलं नाही. मी तो तसाच खाल्ला.

पण वहिनी रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. नाक्यावरच्या शाखेच्या बरोबर समोर एका घड्याळजीचा गाळा रिकामा झाला होता. तो त्यांनी घेतला. हातातलं होतं नव्हतं ते त्यात घातलं. खुर्च्या निवडायला दादा चटईवरून उठला, कित्येक वर्षांनी. जुन्या फर्निचरच्या दुकानातल्या एकेका खुर्चीवर बसायचा आणि चेहरा वाकडा करून पुढच्या खुर्चीकडे जायचा. शेवटी एका जुन्या, रुंद खुर्चीवर तो बराच वेळ बसला. "हिच्यात काहीच होत नाही," तो आश्चर्याने म्हणाला. "हीच घे." तसल्या आठ-दहा मिळाल्या, कोणतीही दुसरीसारखी नाही. भिंतीत भोकं, दाराला नुसती कडी, आणि शौचालयाला शौचालयाचं दार. फडकं वहिनींनी धुऊन घरी ठेवलं. टेबलाशी कोणी बसलेलं असेल तर मला ते हातातच नको, म्हणाल्या.

कक्षाचा उपप्रमुख या नात्याने मी मदतीचा हात पुढे केला. "वहिनी, पहिले काही दिवस चार बसते पाठवतो. ओळखीतले आहेत, सवलतीत बसतील."

"नको," त्या म्हणाल्या. "भावजी, लोकांना उठवून उठवून नाव काढलं मी. फोटो लागला माझा. आता एकदा, कोणीतरी आपणहून येऊन बसलेलं आणि उठायचं विसरलेलं बघायचंय मला. दुसरं काही नको."

कॉफी चांगली होती. हे मी खासगीत सांगतो. मास्तर मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून यायचे, खरी कॉफी प्यायचे, "वा" म्हणायचे. पण सुट्टी संपली की त्यांना परत बसायला जावं लागायचं. वहिनी त्यांचा कप लगेच उचलत नसत. तसाच टेबलावर राहू देत, म्हणजे कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं दिसावं. नंतर नंतर तोही सुकून जायचा.

आता तुम्ही विचाराल, मग दुकान चाललं का?

हे तुम्ही मला विचारता? अहो, तुम्ही होतात की तिथे. समोर आमची रांग होती आणि तुम्ही त्या बाजूने चालत आलात, सोबत आणखी कोणीतरी होतं. कॉफी प्यायची इच्छा होती, पाय दुखत होते. वहिनींच्या काचेपाशी थांबलात. आत नाना तऱ्हेच्या रुंद खुर्च्या, कॉफीचा वास, आणि माणूस एकही नाही. तुम्हाला बघून वहिनी काउंटरमागून पुढे आल्या. एक खुर्ची त्यांनी मागेसुद्धा ओढली. तुम्ही कपाळाला आठी घातलीत आणि सोबतच्याला म्हणालात, "कोणीच नाहीये आत. काहीतरी गडबड असणार. चल, तिकडे जाऊ."

आणि रस्ता ओलांडून आमच्या रांगेत उभे राहिलात. तुमच्यासारखे इतके निघाले की मोसम बदलायच्या आत घड्याळजीचा गाळा पुन्हा रिकामा झाला. खुर्च्या विकल्या गेल्या. दादा परत चटईवर पडला. तुमचे आभार मानणं कक्षाचं कर्तव्य आहे, ते मी इथे मानतो.

वहिनींची काळजी करू नका. आमची साखळी माणसाचं मोल जाणते. आसनस्थ प्रतिनिधीची जागा निघाली होती, वहिनींनी अर्ज केला, आणि समितीने जुनं सगळं विसरून त्यांची एकमताने निवड केली. (सहीसाठी मी पुन्हा होतो.) आता त्या मास्तरांच्या समोर, खिडकीजवळच बसतात. पगार नियमित येतो, ताट हळू ठेवलं जातं. समोरच्या बंद गाळ्याकडे अशा काही बघतात की ज्याला कुठेही जायचं नाही असा माणूस म्हणजे काय, हे नव्या बसत्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून शिकवता येतं. व्हरांड्यात त्यांचा नवा फोटो लागणार आहे.

परवा रांगेतून काचेपलीकडे बघताना तुम्ही म्हणालात ना, "ती बाई बघ, किती निवांत बसलीय, नशीबवान आहे"? त्याच. रिकामा कप हातात, आणि दुसऱ्या हाताने टेबलावर उगाच रुमाल गोल गोल फिरवत होत्या. तुम्ही त्यांना हात केलात आणि त्यांनी हसून दाखवलं. वेळ झाली होती.

तुमच्या पुढचा माणूस सरकलाय बघा. सरका पुढे, आणि कॉफी घेतल्यावर तिथेच उभे राहू नका, मागे लोक आहेत.